टिचकीचा कवडसा

एक होतं घर.
घराला होतं कौलारू छप्पर.
छपराला होतं एक काचेचं कौल.
आणि त्या काचेच्या कौलातून रोज सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पडायचा एक कवडसा. ताटलीएवढा. पिवळा पिवळा. उबदार.

हा कवडसा कोणाचा?
टिचकीचा.

टिचकी कोण?
टिचकी म्हणजे पालीचं पिल्लू. टिचभर अंग. टिचभर शेपटी. डोळे मोहरीएवढे, काळे काळे.

दिवस होते थंडीचे. भिंत गार, फरशी गार, टिचकीचे पायही गार गार. पण कवडसा आला की टिचकी त्यात जाऊन चिकटायची. मग पोट गरम. पाठ गरम. शेपटीचं टोकसुद्धा गरम.

मग कवडशात धुळीचे कण नाचायला लागायचे. भिरभिर, भिरभिर.
टिचकीला वाटायचं, किडे आले. ती झेप घ्यायची.
गप्!
तोंडात काय? काहीच नाही.
पुन्हा गप्!
पुन्हा काहीच नाही.
टिचकी खुद्कन हसायची. रोज फसायची आणि रोज हसायची. अख्ख्या दिवसात तिला आवडायची ती हीच वेळ.

पण झालं काय, परवा कवडसा थोडा लहान झाला. काल अर्धाच आला.
आणि आज आलाच नाही.

टिचकी भिंतीवर बसून राहिली. पोट गार. पाठ गार. शेपटीचं टोक तर अगदीच गार.

भिंतीवर होतं एक घड्याळ. घड्याळामागे राहायच्या आत्याबाई. आत्याबाई म्हणजे घरातली सगळ्यात जुनी पाल. जाडजूड. टिचकीने त्यांना विचारलं, कवडसा कुठे गेला?

आत्याबाईंनी डोळेही उघडले नाहीत. म्हणाल्या, छपरावर वेल चढलीय. वेलीला भोपळा लागलाय. तो फुगला, फुगला आणि काचेच्या कौलावर येऊन बसला.

"मग तो उठणार कधी?" टिचकीने विचारलं.

"कुजला की पडेल आपोआप. शिमग्यापर्यंत. थांब तोवर. आम्ही नाही का थांबत?"

शिमगा किती लांब? खूप लांब. टिचकीच्या अख्ख्या वयापेक्षाही लांब.

"मी नाही थांबणार," टिचकी म्हणाली.
शेपटी केली ताठ. आणि निघाली.

सर सर सर, सरक.
सर सर सर, सरक.

भिंतीवरून वाशावर. वाशावरून कौलावर. वर ऊन होतं. पण वर कावळाही होता. म्हणून टिचकी पानाखालून गेली. लपत छपत.

भोपळा बसला होता कौलावर. गोल गोल. गलेलठ्ठ. टिचकी त्याच्या पाठीवर चढली. पाठ गुळगुळीत. सुईईई... टिचकी घसरली खाली. पुन्हा चढली. सुईईई... पुन्हा खाली.
टिचकी खुद्कन हसली.
हसली. पण विसरली नाही.

म्हणाली,
"कवडसा पडेना,
मला करमेना.
भोपळोबा, भोपळोबा, जरा हलता का?"

भोपळा म्हणाला, "मी कसा हलू? वेलीने धरलंय मला. वेल सोडेल, तर मी हलेन. नाही तर नाही. ढिम्म."

टिचकीने शेपटी केली ताठ. आणि निघाली.

सर सर सर, सरक.

वेल पसरली होती छपरावरून अंगणापर्यंत. तिला होते तणावे. गोल गोल गुंडाळलेले. टिचकीने एक तणावा धरला. बोंइंग. टिचकी वर. बोंइंग. टिचकी खाली.
टिचकी खुद्कन हसली.
हसली. पण विसरली नाही.

म्हणाली,
"कवडसा पडेना,
मला करमेना.
भोपळा हलेना.
वेलताई, वेलताई, भोपळ्याला सोडता का?"

वेल म्हणाली, "मी कशी सोडू? देठ केवढा घट्ट आहे बघ. विळा कापेल, तर मी सोडीन. नाही तर नाही. ढिम्म."

टिचकीने शेपटी केली ताठ. आणि निघाली.

सर सर सर, सरक.

विळा लटकला होता मागच्या दारी, खुंटीला. वाकडा वाकडा. चकचकीत. टिचकीने त्यात डोकावून पाहिलं. आत दुसरी टिचकी. तिचं डोकं एवढंसं आणि पोट एवढं मोठं. टिचकीने जीभ काढली. तिनेही काढली.
टिचकी खुद्कन हसली.
हसली. पण विसरली नाही.

म्हणाली,
"कवडसा पडेना,
मला करमेना.
भोपळा हलेना,
वेल सोडेना.
विळेराव, विळेराव, देठ कापता का?"

विळा म्हणाला, "मी कसा कापू? मी तर खुंटीला. काकी उचलेल, तर मी कापीन. नाही तर नाही. ढिम्म."

टिचकीने शेपटी केली ताठ. आणि निघाली.

सर सर सर, सरक.

काकी म्हणजे कुमुदकाकी. ती चुलीच्या ओट्यापाशी उभी राहून भाकऱ्या थापत होती. थाप थाप थाप. गाणं गुणगुणत होती. गाण्याची एकच ओळ तिला येत होती. ती संपली की काकी पुन्हा पहिल्यापासून. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. थाप थाप थाप.
टिचकी खुद्कन हसली.
हसली. पण विसरली नाही.

म्हणाली,
"कवडसा पडेना,
मला करमेना.
भोपळा हलेना,
वेल सोडेना,
विळा कापेना.
काकी, काकी, विळा उचलतेस का?"

काकी म्हणाली, विळा काय, आत्ता उचलीन. शिडी काय, आत्ता लावीन. भोपळ्याचे घारगेही करीन, गोड गोड. पण अख्खा भोपळा चिरायचा तर पहिला काप बाईने द्यायचा नसतो. तो द्यायचा घरातल्या पुरुषाने. म्हणजे अप्पांनी. आणि अप्पा आंघोळीशिवाय कशालाच हात लावत नाहीत.

"पहिला काप बाईने का नाही द्यायचा?" टिचकीने विचारलं.

काकीचा हात थांबला. भाकरी तशीच राहिली हातावर.
"का ते मलाही कोणी सांगितलं नाही," काकी म्हणाली. "पण अप्पा न्हातील, तर मी विळा उचलीन. नाही तर नाही. ढिम्म."

आणि काकी पुन्हा भाकरी थापायला लागली. थाप थाप थाप.

टिचकीने शेपटी केली ताठ. आणि निघाली.

सर सर सर, सरक.

अप्पा म्हणजे काकीचे सासरे. ते ओटीवर आरामखुर्चीत बसले होते. अंगावर शाल. डोक्यावर चकचकीत टक्कल. तोंडावर वर्तमानपत्र. अप्पा सकाळपासून म्हणत होते, उठतोच आहे. चहा झाला, तरी उठतोच आहे. पोहे झाले, तरी उठतोच आहे. आणि मधेच लागायची डुलकी. मग वर्तमानपत्र वर. घुर्रर्र. वर्तमानपत्र खाली. फूऽऽ. वर, घुर्रर्र. खाली, फूऽऽ.
टिचकी खुद्कन हसली.
हसली. पण विसरली नाही.

म्हणाली,
"कवडसा पडेना,
मला करमेना.
भोपळा हलेना,
वेल सोडेना,
विळा कापेना,
काकी उचलेना.
अप्पा, अप्पा, आंघोळ करता का?"

"उठतोच आहे," अप्पा वर्तमानपत्राच्या आतून म्हणाले. कोण बोलतंय, ते बघितलंही नाही. "पण पाणी कुठे तापलंय? गार पाण्याने न्हायचं माझं वय आहे का? बंब तापेल, तर मी न्हाईन. नाही तर नाही. ढिम्म."

घुर्रर्र. फूऽऽ.

टिचकीने शेपटी केली ताठ. आणि निघाली.

सर सर सर, सरक.

बंब होता न्हाणीघराच्या दाराशी. पाणी तापवायचा तांब्याचा बंब. उंच. ढेरपोट्या. टिचकी त्याच्या पोटावर चढली आणि शेपटी आपटली. टण्ण. पुन्हा आपटली. टण्ण टण्ण. बंबाच्या पोटातून आवाज आला. ढुम्म्म.
टिचकी खुद्कन हसली.
हसली. पण विसरली नाही.

म्हणाली,
"कवडसा पडेना,
मला करमेना.
भोपळा हलेना,
वेल सोडेना,
विळा कापेना,
काकी उचलेना,
अप्पा न्हाईना.
बंबमामा, बंबमामा, पाणी तापवता का?"

बंब म्हणाला, "मी कसं तापवू? माझ्या पोटात जाळ कुठे आहे? सोडण पेटेल, तर मी तापेन. नाही तर नाही. ढिम्म."

टिचकीने शेपटी केली ताठ. आणि निघाली. पाय आता दुखायला लागले होते. चारही. तरी निघाली.

सर सर... सरक.
सर सर... सरक.

सोडण म्हणजे नारळावरचं जाडं, केसाळ साल. अशी खूप सोडणं पडली होती स्वयंपाकघरातच, टिचकीच्या भिंतीखाली. टिचकी त्यांच्यावरून चालली. सोडणाचे केस तिच्या पोटाला लागले. गुदगुल्या, गुदगुल्या. एक केस गेला नाकात. आ... आ... आक्‌छी.
टिचकी खुद्कन हसली.
हसली. पण विसरली नाही.

म्हणाली,
"कवडसा पडेना,
मला करमेना.
भोपळा हलेना,
वेल सोडेना,
विळा कापेना,
काकी उचलेना,
अप्पा न्हाईना,
बंब तापेना.
सोडणमावशी, सोडणमावशी, तुम्ही पेटता का?"

सोडण म्हणालं, "मी कशी पेटू? मी भिजलेय. पहाटे अंगणात होते ना, दहिवर पडलं अंगावर. आता इथे भिंतीपाशी ठेवलंय मला. रोज इथे कवडसा येतो. कवडसा पडेल, तर मी वाळेन. वाळले, तर पेटेन. नाही तर नाही. ढिम्म."

टिचकी ऐकत राहिली.
काय?
कवडसा पडेल, तर सोडण पेटेल.
सोडण पेटेल, तर बंब तापेल.
बंब तापेल, तर अप्पा न्हातील.
अप्पा न्हातील, तर काकी उचलेल.
काकी उचलेल, तर विळा कापेल.
विळा कापेल, तर वेल सोडेल.
वेल सोडेल, तर भोपळा हलेल.
भोपळा हलेल, तर कवडसा पडेल.
आणि कवडसा पडेल, तर...

गोल गोल. गोल गोल. टिचकीला गरगरलंच.

"बघ," घड्याळामागून आत्याबाई म्हणाल्या. "उगीच फिरलीस. तुला किती वेळा हसायला आलं, मोजलंस का? घसरगुंडी झाली, झोका झाला, गुदगुल्या झाल्या. पुरे की. कवडसा कशाला हवा आणखी?"

टिचकी आत्याबाईंकडे बघत राहिली.
"हसले ते हसले," ती म्हणाली. "पण कवडसा माझा आहे. तो मला हवाच."

आणि ती विचार करायला लागली. डोळे मिटून. शेपटी ताठ.
भोपळ्याला पाय आहेत? नाहीत. तो कसा हलेल?
वेलीला पाय आहेत? नाहीत.
विळ्याला पाय आहेत? नाहीत.
सोडणाला पाय आहेत? नाहीत.
बंबाला तीन पाय आहेत. पण तो चालत नाही.
काकीला दोन पाय आहेत. पण ती पहाटेपासून उभीच आहे.
मग दोन पाय असून बसलंय कोण?

टिचकीने डोळे उघडले.
सर सर सर, सरक. सर सर सर, सरक. थेट ओटीवर.

घुर्रर्र. फूऽऽ. घुर्रर्र. फूऽऽ.

टिचकीने पुन्हा एकदा सांगितलं. नीट सांगितलं. अप्पा, उठा ना, आंघोळ करा ना. अप्पा म्हणाले, उठतोच आहे. पुन्हा सांगितलं. अप्पा म्हणाले, उद्या बघू. तिसऱ्यांदा सांगितलं. अप्पा म्हणाले, घुर्रर्र.

मग टिचकी चढली भिंतीवर. भिंतीवरून तुळईवर. तुळईवरून उलटी उलटी चालत गेली, पोट वर, पाठ खाली. आणि बरोब्बर अप्पांच्या डोक्यावर येऊन थांबली. खूप उंच. खाली दिसत होतं चकचकीत टक्कल.

आता टिचकीला एक गोष्ट माहीत होती. घरातल्या सगळ्या पालींना ती माहीत असते. पाल माणसाच्या अंगावर पडली, की माणसाने लगेच आंघोळ करायची. लगेच म्हणजे लगेच. या घरात हा नियम कोणाचा? अप्पांचा. एकदा आत्याबाई काकीच्या खांद्यावर पडल्या होत्या. तव्यावर भाकरी होती, तरी अप्पांनी काकीला न्हायला पाठवलं. भाकरी करपली. पण नियम म्हणजे नियम.

आत्याबाई मागोमाग आल्या होत्या. धापा टाकत. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांना कळलं.
"टिचके," त्या म्हणाल्या, "पालीने चिकटून राहायचं असतं. मुद्दाम सोडायचं नसतं. कोणत्याच पालीने आजवर सोडलेलं नाही."

टिचकीला भीती वाटली. खाली फार खोल होतं.
तरी ती म्हणाली, "मी सोडते."

एक पाय सोडला.
दोन पाय सोडले.
तीन पाय सोडले.
आता एकच राहिला. टिचकी लोंबकळायला लागली. इकडे, तिकडे. इकडे, तिकडे.
आणि तिने चौथाही सोडला.

...टप्प.

टकलावर.
गार गार पाय. चार.

"अयाईऽऽ गं." वर्तमानपत्र उडालं एकीकडे. शाल उडाली दुसरीकडे. अप्पा उभे. दोन पायांवर. "पाल. पाल पडली डोक्यावर."

टिचकी टुणकन खांबावर गेली आणि घट्ट चिकटली. आधी शेपटी बघितली. होती. पाय मोजले. एक, दोन, तीन, चार. होते.

काकी धावत आली. हाताला पीठ.
"पाल पडली? मग न्हायला हवं, अप्पा."

"हो हो, न्हाईन की. पाणी तापलं की..."

"तापलेलं नाही," काकी म्हणाली. "पण लगेच म्हणजे लगेच. नियम तुमचाच."

अप्पांनी काकीकडे पाहिलं. काकीने अप्पांकडे पाहिलं. खांबावरून टिचकीने दोघांकडे पाहिलं.
अप्पांनी टॉवेल घेतला. आणि गेले.

न्हाणीघरातून आवाज आला.
छपाक.
हुडहुडहुडहुड.
छपाक.
हुडहुडहुडहुड.
मग अप्पा जोरजोरात गायला लागले. काकीचीच ओळ. तीच तीच. पण दात वाजत होते, त्यामुळे ओळीचे तुकडे तुकडे झाले. काकीने तोंडाला पदर लावला. काकी हसली. इतकी हसली, इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. पहाटेपासून पहिल्यांदा.

अप्पा न्हाले.
मग काकीने विळा उचलला.
मग विळ्याने देठ कापला. खच्च.
मग वेलीने भोपळा सोडला.
मग भोपळा हलला. ढिम्म भोपळा हलला. कौलावरून गड गड गड गड... काकी शिडीवर टोपली धरून उभी होती.
धप्प. टोपलीत.

आणि काचेच्या कौलातून, छपराखालून, धुरातून, थेट भिंतीवर
कवडसा पडला.

ताटलीएवढा. पिवळा पिवळा. उबदार.

टिचकी धावली. सर सर सर सर सर सर. सरक. जाऊन चिकटली. पोट गरम. पाठ गरम. शेपटीचं टोकसुद्धा गरम.
धुळीचे कण नाचायला लागले. भिरभिर, भिरभिर.
गप्!
काहीच नाही.
टिचकी खुद्कन हसली. आज जरा जास्तच हसली.

मग कवडसा सरकला खाली, सोडणावर. सोडण वाळलं.
वाळलं, मग पेटलं.
पेटलं, मग बंब तापला. पाण्याची वाफ निघाली. भस्स भस्स.
"अप्पा, पाणी तापलं हो," बंब म्हणाला.

पण अप्पा तर न्हालेले. मग हे एवढं कढत पाणी कोणाचं?
"माझं," काकी म्हणाली. "रोज मला शेवटचं उरतं, कोमट. आज सगळं माझं. तासभर मला कोणी हाक मारायची नाही."

"आणि भोपळा?" अप्पांनी विचारलं.

"पहिला काप तुम्ही द्यायचा ना? द्या. आणि पहिला दिलात की दुसरा द्या. मग तिसरा द्या. साल काढा, बिया काढा, किसून ठेवा. मी आले की घारगे करते."
आणि काकीने न्हाणीघराचं दार लावून घेतलं. आतून गाण्याची ओळ ऐकू यायला लागली. आणि नवल म्हणजे, आज तिला पुढची ओळही आठवली.

अप्पा स्वयंपाकघरात बसले. पाटावर. समोर विळी, समोर भोपळा. पहिला काप दिला. दुसरा दिला. तिसरा दिला. पण पाय गार पडले होते. टकलावर अजून पाणी होतं. हुडहुडहुड.

कवडसा एव्हाना आला होता फरशीवर. टिचकीही आली होती, त्याच्याबरोबर. अप्पांनी हळूच एक पाय कवडशात ठेवला. मग दुसरा ठेवला. मग अप्पा सगळेच सरकले. आणि टिचकीवर सावली पडली. पोट गार झालं.

"ही माझी जागा आहे," टिचकी म्हणाली.

अप्पांनी खाली पाहिलं. आज पहिल्यांदा त्यांनी नीट पाहिलं. टिचभर अंग. टिचभर शेपटी. ताठ.
"तूच का गं ती?" अप्पा म्हणाले. "वरून पडलीस ती?"

"पडले नाही. सोडलं."

अप्पांनी टकलावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मला अर्ध्यात बसू देशील?"

टिचकीने विचार केला.
"अर्ध्यात नाही," ती म्हणाली. "पाय ठेवा. पायच तेवढे गार आहेत ना?"

मग अप्पा पाटासकट मागे सरकले. पाय तेवढे पुढे राहिले. दहाही बोटं उन्हात. अप्पांनी ती हलवली. एकेक. किती बरं वाटत होतं. आणि तेवढ्यात त्यांच्या नाकासमोरून गेला धुळीचा एक कण. भिरभिर, भिरभिर.
अप्पांनी झडप घातली. मूठ मिटली. मूठ उघडली.
काहीच नाही.
अप्पांनी टिचकीकडे पाहिलं. टिचकीने अप्पांकडे पाहिलं.
"हे रोज असंच असतं?" अप्पांनी विचारलं.
"रोज," टिचकी म्हणाली.

कवडसा सरकला. टिचकी सरकली. टिचकीमागे अप्पांचे पाय सरकले. अप्पांच्या पायांमागे घड्याळामागच्या आत्याबाई सरकल्या, आढेवेढे घेत, उगीच आलेय असं दाखवत. सगळ्यांच्या मागे सरकली ही गोष्ट.
सर सर सर, सरक.
उंबऱ्यापाशी आली. उंबरा ओलांडला. अंगणात गेली, आणि उन्हात मिसळली.